वारसा जनुकांचा, नोंद कुटुंबाची

बँकेच्या दारात ‘वारस’ हा शब्द रोज उच्चारला जातो. ठेवीच्या अर्जावर नामनिर्देशन केले आहे काय, मृत खातेदाराचे कायदेशीर वारस कोण, लॉकरची किल्ली कोणाच्या स्वाधीन करावयाची, या प्रश्नांची उत्तरे कागदोपत्री असली की काम सुकर होते; नसली की घरातल्या माणसांना हेलपाटे घालावे लागतात. वारसा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर जमीन, घर, दागिने, मुदतठेवीच्या पावत्या येतात. परंतु आई-वडिलांकडून मुलांकडे येणारा आणखी एक वारसा आहे. त्याचे मृत्युपत्र कोणी करीत नाही आणि त्यावर हक्कसोडपत्रही लिहून देता येत नाही. हा वारसा जनुकांचा. नाक-डोळे, आवाज, केसांचे वळण यांबरोबर कधीकधी एखादा दोषही या वारशात येतो. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या बाबतीत अशा काही दोषांची ओळख विज्ञानाला पटली आहे आणि रक्ताच्या एका नमुन्यावरून तो दोष कोणाकडे आला व कोणाकडे नाही, हे आज सांगता येते. या तपासणीचे मोल काय आणि तिच्या मर्यादा कोणत्या, याचा हा परिचय.

एका शिवणकाम करणाऱ्या स्त्रीचे भाकीत

ही कथा अमेरिकेतील मिशिगन राज्यात, ॲन आर्बर या विद्यापीठाच्या गावी सुरू होते. १८९५ साली तेथील विकृतिशास्त्राचे प्राध्यापक डॉ. आल्ड्रेड वॉर्थिन यांच्या घरी शिवणकाम करणारी एक स्त्री खिन्न दिसली. त्यांनी कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, की माझ्या घराण्यात बहुतेकांना आतड्याचा नाही तर गर्भाशयाचा कर्करोग होतो. मीही लवकरच त्यानेच जाणार. वॉर्थिन यांनी तिचे बोलणे हसण्यावारी नेले नाही. जर्मनीतून येऊन मिशिगनमध्ये स्थायिक झालेल्या त्या घराण्याची वंशावळ त्यांनी चिकाटीने जमविली आणि १९१३ साली ती प्रसिद्ध केली. वैद्यकाच्या इतिहासात हे घराणे ‘फॅमिली जी’ या नावाने ओळखले जाते. त्या स्त्रीचे भाकीत दुर्दैवाने खरे ठरले. ऐन उमेदीच्या वयात गर्भाशयाच्या कर्करोगाने तिचा मृत्यू झाला.

वॉर्थिन यांच्या शोधाकडे पुढे बराच काळ दुर्लक्ष झाले. कर्करोग आनुवंशिक असू शकतो, ही कल्पनाच बहुतेकांना मान्य नव्हती. १९६२ साली नेब्रास्का राज्यातील ओमाहा येथे डॉ. हेन्री लिंच या तरुण डॉक्टरांना असाच एक रुग्ण भेटला. तो मद्याच्या आहारी गेला होता. कारण विचारता त्याने सांगितले, की आमच्या घरातले सगळे कर्करोगाने जातात, मीही जाणार. लिंच यांनी ॲन क्रश या समाजसेविकेच्या साहाय्याने त्या कुटुंबाचा माग काढला. आजोबा, मावश्या, चुलते, त्यांची मुले अशी एकेकाची चौकशी करून व रुग्णालयांचे अहवाल मिळवून १९६६ साली अशा दोन मोठ्या कुटुंबांचा वृत्तान्त त्यांनी प्रसिद्ध केला. तो वाचून मिशिगन विद्यापीठाने वॉर्थिन यांची जुनी कागदपत्रे त्यांच्या हवाली केली. संशोधनासाठी मागितलेले अनुदान लिंच यांना अनेकदा नाकारले गेले, तरी त्यांनी काम सोडले नाही. पुढे या व्याधीला ‘लिंच सिंड्रोम’ हेच नाव रूढ झाले.

‘फॅमिली जी’मधील जनुकीय दोष नेमका कोणता, हे २००० सालच्या सुमारास उमगले. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात या घराण्याच्या ९२९ वंशजांची नोंद होती. एका स्त्रीच्या खिन्न चेहऱ्यापासून सुरू झालेला तपास पूर्ण व्हायला शंभरहून अधिक वर्षे लागली. घरातील मृत्यूंचे कारण कोणी तरी लिहून ठेवले होते, म्हणूनच तो पूर्ण होऊ शकला.

दोष नेमका कोठे असतो?

आपल्या प्रत्येक पेशीत सुमारे तीनशे कोटी अक्षरांच्या जोड्यांचा डीएनए नावाचा ग्रंथ असतो. पेशीचे विभाजन होताना या ग्रंथाची नक्कल केली जाते आणि एवढ्या मोठ्या नकलेत चुका होणारच. बँकेत एकाने नोंद करावयाची आणि दुसऱ्याने ती तपासून मंजूर करावयाची, अशी पद्धत असते. पेशीतही अशीच तपासनीस प्रथिने असतात. नव्या नकलेत चुकीचे अक्षर बसले की ती ते हेरतात, तेवढा भाग कापून काढतात आणि बरोबर अक्षर बसविण्याची व्यवस्था करतात. या दुरुस्तीची रासायनिक प्रक्रिया उलगडल्याबद्दल पॉल मॉड्रिच यांना २०१५ सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

ही तपासनीस प्रथिने तयार करणारी प्रमुख जनुके चार आहेत : एमएलएच-१, एमएसएच-२, एमएसएच-६ आणि पीएमएस-२. त्यांपैकी एमएसएच-२ चा शोध १९९३ साली आणि एमएलएच-१ चा १९९४ साली लागला. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती आपल्याकडे असतात, एक आईकडून आलेली व एक वडिलांकडून. लिंच सिंड्रोममध्ये यांपैकी एका जनुकाची एक प्रत जन्मतःच सदोष असते. दुसरी प्रत शाबूत असेपर्यंत काम निभावते. परंतु आतड्याच्या एखाद्या पेशीत तीही बिघडली की त्या पेशीतील तपासनीस रजेवर गेल्यासारखे होते. चुका साचत जातात आणि त्यांतून कर्करोग उद्भवतो. सर्वसाधारण माणसात आतड्यातील लहानशा पॉलिपचे, म्हणजे आतल्या अस्तरावर उगवलेल्या मोडाचे, कर्करोगात रूपांतर व्हायला साधारण दहा वर्षे लागतात. लिंच सिंड्रोममध्ये हा प्रवास दोन-तीन वर्षांतही पूर्ण होऊ शकतो.

मोठ्या आतड्याचे कर्करोग झालेल्या शंभर रुग्णांपैकी सुमारे तिघांच्या आजाराचे मूळ लिंच सिंड्रोममध्ये असते. एमएलएच-१ किंवा एमएसएच-२ मध्ये दोष असलेल्यांपैकी सुमारे निम्म्यांना आयुष्यात केव्हा तरी हा कर्करोग होतो. उरलेल्या दोन जनुकांच्या बाबतीत धोका त्याहून कमी असतो. स्त्रियांना गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोकाही मोठा असतो. सदोष प्रत असलेल्या आईची किंवा वडिलांची ती प्रत प्रत्येक अपत्याकडे जाण्याची शक्यता निम्मी असते, मग तो मुलगा असो वा मुलगी. हा प्रत्येक वेळी नव्याने होणारा नाणेफेकीचा खेळ आहे. थोरल्याकडे दोष आला म्हणून धाकटा सुटला, असा हिशेब येथे चालत नाही.

आणखी दोन व्याधी

दुसरी व्याधी ‘फॅमिलिअल ॲडेनोमॅटस पॉलिपोसिस’ या लांबलचक नावाची. हिच्यात किशोरवयापासून मोठ्या आतड्यात शेकडो, कधी हजारो पॉलिप उगवतात. वेळीच शस्त्रक्रिया करून मोठे आतडे काढले नाही तर चाळिशीच्या आसपास बहुतेक सर्वांना कर्करोग होतो. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयात १९२४ सालापासून अशा कुटुंबांची नोंदवही ठेवली जाते. डॉ. कथबर्ट ड्यूक्स यांच्या प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून आलेले एच. जे. आर. बसी यांनी ती नोंदवही अनेक दशके सांभाळली आणि १९७५ साली तिच्या आधारावर या विषयावरील महत्त्वाचा ग्रंथ लिहिला. या व्याधीला कारणीभूत असलेले एपीसी हे जनुक १९९१ साली सापडले. येथेही प्रत्येक अपत्याला दोष मिळण्याची शक्यता निम्मी असते. मात्र चार-पाच रुग्णांपैकी एखाद्याच्या घरात पूर्वी कोणालाच हा आजार झालेला नसतो. दोष त्याच्यापासूनच सुरू होतो.

तिसऱ्या व्याधीतील दोष एमयूटीवायएच या जनुकात असतो. तिचा उलगडा २००२ साली झाला. हिची रीत निराळी आहे. आई व वडील दोघांकडून सदोष प्रत आली तरच आजार होतो. आई-वडील स्वतः बहुधा निरोगी असतात आणि आजार एकाच पिढीतील भावंडांत दिसतो. महाराष्ट्रात आणि दक्षिणेकडील राज्यांत अनेक समाजांत मामाची मुलगी करण्याची चाल आहे. अशा नात्यातील विवाहात दोघांकडे एकाच पूर्वजाकडून आलेली सदोष प्रत असण्याची शक्यता वाढते, हे लक्षात ठेवलेले बरे.

तपासणीचा क्रम

जनुकीय तपासणी म्हटली की घरातील निरोगी तरुणांनी रक्त देण्यासाठी रांग लावावयाची, असा अनेकांचा समज असतो. खरा क्रम उलटा आहे. तपासणीची सुरुवात शक्यतो ज्याला कर्करोग झाला आहे त्याच्यापासून करावी लागते. कुटुंबातील दोष कोणता हेच ठाऊक नसेल, तर निरोगी व्यक्तीचा अहवाल ‘दोष आढळला नाही’ असा आला तरी त्यावर विसंबता येत नाही. दोष नाही म्हणून सापडला नाही, की वेगळ्याच ठिकाणी आहे म्हणून सापडला नाही, हे कळत नाही.

रुग्णाच्या बाबतीत पहिली पायरी साधी आहे. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचा अंश मेणाच्या ठोकळ्यात जतन केलेला असतो. त्याच्या पातळ चकत्यांवर विशिष्ट रंजकप्रक्रिया करून वरील चार तपासनीस प्रथिने हजर आहेत की नाहीत, हे पाहिले जाते. एखादे प्रथिन गैरहजर दिसले तर संशय बळावतो. मात्र एवढ्यावरून निष्कर्ष काढावयाचा नसतो. उतारवयात आनुवंशिक कारणाशिवायही एमएलएच-१ हे प्रथिन गाठीतून नाहीसे होऊ शकते. त्यासाठी आणखी एक-दोन चाचण्या असतात. त्यानंतर रक्तातील डीएनए वाचून दोष निश्चित केला जातो. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या प्रत्येक रुग्णाच्या गाठीची अशी चाचणी करावी, अशी शिफारस ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेने २०१७ साली केली. आपल्याकडेही मोठ्या शहरांतील कर्करोग रुग्णालयांत ही सोय आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल केंद्रात तर कर्करोगाच्या आनुवंशिकतेसाठी स्वतंत्र विभाग आहे.

रुग्णाच्या रक्तात दोष सापडला की पुढचे काम सोपे होते. भावंडे व मुले यांच्या रक्तात तेवढी एकच जागा पाहावयाची असते आणि उत्तर ‘आहे’ किंवा ‘नाही’ असे स्पष्ट मिळते. कधीकधी मात्र अहवालात ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा येतो. अक्षर बदललेले असते, पण तो बदल घातक की निरुपद्रवी, हे ठरलेले नसते. जनुकांची आजवरची माहिती मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांकडून गोळा झालेली असल्यामुळे भारतीयांना असा शेरा अधिक वेळा मिळतो. त्याच्या आधारावर शस्त्रक्रियेसारखा निर्णय घ्यावयाचा नसतो. अहवाल जपून ठेवावा आणि काही वर्षांनी पुन्हा विचारावे. म्हणूनच तपासणीच्या आधी व नंतर जनुकीय समुपदेशकाशी बोलणे हा औपचारिकतेचा भाग नसून तपासणीचाच भाग आहे.

कळून उपयोग काय?

‘नशिबात असेल ते होईल, आधी कळून काळजी कशाला वाढवा?’ हा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर फिनलंडमधील एका अभ्यासाने दिले आहे. लिंच सिंड्रोमच्या २२ कुटुंबांतील २५२ व्यक्तींवर तेथील डॉक्टरांनी पंधरा वर्षे लक्ष ठेवले. त्यांपैकी १३३ जणांनी दर तीन वर्षांनी दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी, म्हणजे कोलोनोस्कोपी, करून घेतली. ११९ जणांनी करून घेतली नाही. २००० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पहिल्या गटात ८ जणांना मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला, दुसऱ्या गटात १९ जणांना. पहिल्या गटात या कर्करोगाने एकही मृत्यू झाला नाही. दुसऱ्या गटात नऊ झाले. कोलोनोस्कोपीत दिसलेला पॉलिप तेथल्या तेथे काढून टाकता येतो, हे या यशाचे रहस्य आहे. आजच्या सल्ल्यानुसार एमएलएच-१ व एमएसएच-२ मधील दोष असलेल्यांनी विशी-पंचविशीपासून दर एक-दोन वर्षांनी ही तपासणी करून घ्यावयाची असते. पॉलिपोसिसच्या कुटुंबांत मुलांची तपासणी दहा-बारा वर्षांच्या वयापासूनच सुरू होते.

ब्रिटनमधील सर जॉन बर्न यांच्या नेतृत्वाखालील अभ्यासात लिंच सिंड्रोमच्या ८६१ व्यक्तींना ॲस्पिरिन किंवा त्यासारखी दिसणारी निष्क्रिय गोळी देण्यात आली. २०११ व २०२० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, दोनेक वर्षे रोज ॲस्पिरिन घेतलेल्यांत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण पुढे सुमारे निम्मे राहिले. मात्र या गोळीने पोटात रक्तस्रावही होऊ शकतो, म्हणून ती डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नये. ज्यांना कर्करोग झालाच, त्यांच्याही उपचारांत या माहितीने फरक पडतो. तपासनीस प्रथिने नसलेल्या गाठी शरीराच्या प्रतिकारशक्तीला चेतविणाऱ्या औषधांना चांगला प्रतिसाद देतात. २०२२ साली न्यूयॉर्कमधील डॉक्टरांनी अशा प्रकारच्या गुदाशयाच्या कर्करोगाच्या १२ रुग्णांचा वृत्तान्त दिला. केवळ या औषधाने बाराही जणांच्या गाठी दिसेनाशा झाल्या होत्या आणि तोवर एकालाही शस्त्रक्रिया करावी लागली नव्हती.

आणखी एक लाभ सहसा कोणी मोजत नाही. निम्म्या भावंडांकडे दोष येतो, म्हणजे निम्म्यांकडे येत नाही. ज्यांचा अहवाल ‘नाही’ असा येतो त्यांना दर दोन वर्षांनी पोट साफ करण्याचे औषध पिऊन दुर्बिणीला सामोरे जाण्याची गरज उरत नाही. त्यांच्या मुलांनाही या दोषाची भीती राहत नाही. दरवर्षी मनात येणारी शंका एकदाची मिटते.

झाकली मूठ

तपासणी उपलब्ध असूनही ती कुटुंबापर्यंत पोहोचत नाही, याचे कारण पुष्कळदा पैसा नसून संकोच असतो. आपल्याकडे कर्करोगाचे नाव मोठ्याने घेतले जात नाही. ‘पोटाचा आजार होता’, ‘गाठ झाली होती’, ‘अन्न जाईना’ एवढ्यावर मृत्यूची बोळवण होते. मुलीचे लग्न ठरायचे आहे, मुलाला सांगून येत आहे, अशा वेळी झाकली मूठ सव्वा लाखाची, असे घरातील वडीलधाऱ्यांना वाटते. त्यांचा हेतू मायेचाच असतो. परंतु या मुठीत जे झाकलेले असते ते एकट्याच्या मालकीचे नसते. पुण्यातील थोरल्या भावाने आपला अहवाल कपाटात ठेवला, तर इंदूरला दिलेल्या बहिणीला आणि बडोद्यात नोकरीस असलेल्या धाकट्याला आपल्यालाही धोका आहे हे कळणार कसे? त्यांच्याकडे दुखणे येईल तेव्हाच ते समजेल आणि तेव्हा वेळ निघून गेलेली असेल. डॉक्टर रुग्णाची माहिती परस्पर नातेवाइकांना देऊ शकत नाहीत. ते काम घरातल्यालाच करावे लागते. एक साधे पत्र किंवा दूरध्वनी पुरेसा असतो : माझ्या तपासणीत अमुक दोष सापडला आहे, तुम्हीही डॉक्टरांना दाखवा, अहवालाची प्रत सोबत आहे.

विम्याची भीतीही अनेकांना वाटते आणि ती अगदीच निराधार नाही. अमेरिकेत २००८ साली झालेल्या कायद्याने आरोग्य विमा व नोकरी यांबाबत जनुकीय माहितीवरून भेदभाव करण्यास बंदी घातली. आयुर्विमा मात्र त्याच्या कक्षेबाहेर राहिला. आपल्याकडे विमा नियामक व विकास प्राधिकरणाने मार्च २०१८ मध्ये आरोग्य विमा कंपन्यांना सूचना दिली, की ‘आनुवंशिक विकार’ या सबबीवर दावे नाकारू नयेत आणि नव्या पॉलिसींत तशी अट घालू नये. तरीही पॉलिसी घेताना अटी नीट वाचाव्यात आणि प्रस्ताव-अर्जातील प्रश्नांना खरी उत्तरे द्यावीत, हे उत्तम. दडविलेली माहिती दाव्याच्या वेळी महागात पडते, हा अनुभव सर्वांच्या ओळखीचा आहे.

घरच्या कपाटात असावी अशी एक नोंद

प्रत्येकाने जनुकीय तपासणी करून घ्यावी, असे मुळीच नाही. मोठ्या आतड्याचे बहुसंख्य कर्करोग आनुवंशिक नसतात. संशय केव्हा घ्यावा, यासाठी १९९० साली ॲमस्टरडॅम येथे तज्ज्ञांनी आखलेला ‘तीन-दोन-एक’ हा ठोकताळा लक्षात ठेवण्यास सोपा आहे : जवळच्या नात्यात तीन रुग्ण, सलग दोन पिढ्यांत, आणि त्यांपैकी किमान एकाला पन्नाशीच्या आत आजार. या ठोकताळ्यात न बसणारी लिंच कुटुंबेही असतात, म्हणून पन्नाशीपूर्वी मोठ्या आतड्याचा किंवा गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग झालेला एक नातेवाईक असला तरी डॉक्टरांना सांगावे. शौचावाटे रक्त जात असेल, तर मूळव्याध असेल म्हणून अंगावर काढू नये.

आपण ठेवींच्या पावत्या, घराचे खरेदीखत, विम्याची पॉलिसी एका फाइलमध्ये नीट लावून ठेवतो. त्याच फाइलमध्ये आणखी एक कागद असावा. तीन पिढ्यांतील माणसांची नावे, कोणाला कोणता कर्करोग झाला, कोणत्या वयात झाला आणि उपचार कोठे झाले, एवढे त्यावर लिहावे. हयात असलेल्या आत्या-मावश्यांना विचारल्यास पुष्कळ काही कळते; त्या आहेत तोवर विचारावे. वडिलांच्या किंवा आईच्या गाठीचा अहवाल रद्दीत देऊ नये. त्यावरील क्रमांकावरून रुग्णालयातील मेणाचा ठोकळा शोधता येतो आणि माणूस गेल्यानंतर काही वर्षांनीही त्यावर चाचणी होऊ शकते.

ॲन आर्बरच्या त्या स्त्रीला आपले मरण दिसत होते, पण ते टाळण्याचा उपाय तिच्या काळात कोणाजवळच नव्हता. तिने ते बोलून दाखविले, एका डॉक्टराने ते लिहून ठेवले आणि तिच्या घराण्यातील पुढच्या पिढ्यांना आपला धोका वेळेवर ओळखण्याचा मार्ग मिळाला. आज उपाय हाताशी आहे. घरातल्या घरात बोलून ते लिहून ठेवणे मात्र अजून आपल्याकडेच आहे.